बागेतल्या घराची बॅटरी दीड वर्षात गेली; चार्ज कंट्रोलर कोणता घ्यावा?

संत्राबाग · ३ जून, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. काटोल तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे आणि बागेत दोन खोल्यांचे घर आहे. घरापर्यंत विजेची लाइन आलेली नाही. विहिरीवरचा सौर पंप वेगळा आहे, तो बॅटरीशिवाय थेट पॅनलवर चालतो, त्यामुळे त्याचा इथे संबंध नाही. घरासाठी १५० वॅटचे ३६ सेलचे दोन पॅनल समांतर जोडलेले आहेत, १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची एक ट्युब्युलर बॅटरी आहे आणि पॅनलची वीज बेताने बॅटरीत भरणारा २० अँपिअरचा साधा पीडब्ल्यूएम (पॅनलला सरळ बॅटरीला जोडणारा) चार्ज कंट्रोलर आहे. त्यावर ९ वॅटचे चार दिवे, २८ वॅटचा एक डीसी पंखा आणि राउटरसह दोन कॅमेरे चालतात. कॅमेरे चोवीस तास सुरू असतात आणि राउटर धरून साधारण १५ वॅट घेतात. इन्व्हर्टर नाही, सगळे डीसीवरच आहे.

ही बॅटरी १९ महिन्यांत गेली. दिवसभर ऊन असूनही आता रात्री अकराच्या आत पंखा बंद पडतो, आणि बागेत मुक्कामाला असणाऱ्या जोडप्याला नवतप्यात लहान लेकराला घेऊन अंगणात रात्री काढाव्या लागल्या. मला याचे फार वाईट वाटले, म्हणून या वेळी नीट समजून घेऊनच पैसे घालायचे आहेत. दुकानदाराचे म्हणणे असे आहे की एमपीपीटी (पॅनलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालवणारा) कंट्रोलर घेतला तर वीज तीस टक्के वाढेल आणि बॅटरीही टिकेल. वीज वाढण्याचे मला थोडेफार कळते, पण बॅटरी कशी टिकेल, हे त्यांना सांगता आले नाही. नवी बॅटरी याच आठवड्यात येत आहे. कंट्रोलर कोणता घ्यावा?

सोलर फिटर कळमेश्वर · ३ जून, रात्री ९.४५

भाऊ, एमपीपीटीच घ्या. शिवाय तुमचा सध्याचा कंट्रोलर मुळातच अपुरा आहे. १५० वॅटच्या अशा पॅनलचा शॉर्ट सर्किट प्रवाह (दोन टोके थेट जोडल्यावरचा) साधारण ८.८ अँपिअर असतो. दोन पॅनलचा १७.६ झाला, आणि त्यावर पंचवीस टक्के वाढ धरायची असते, म्हणजे २२ अँपिअर. २० अँपिअरचा कंट्रोलर तिथे बसवायलाच नको होता.

ओहमचा नियम · ३ जून, रात्री १०.३०

फिटरभाऊंचा प्रवाहाचा हिशेब बरोबर आहे, पण मूळ प्रश्नाचा क्रम मला उलटा वाटतो. पीडब्ल्यूएम की एमपीपीटी हा पॅनलकडून वीज कशी घ्यायची याचा प्रश्न आहे. बॅटरी किती वर्षे जगेल हे तिच्या टर्मिनलवर किती व्होल्ट पोहोचतात, किती वेळ पोहोचतात आणि त्या वेळी तिचे तापमान किती असते, यावर ठरते. या तिन्ही गोष्टी नीट सांभाळणारा पीडब्ल्यूएम बॅटरीला दहा वेळा उपकारक ठरेल, आणि न सांभाळणारा एमपीपीटी तिला जास्त वीज देऊन लवकर मारेल. म्हणून आधी बॅटरीकडे पाहायचे आणि तिथून मागे पॅनलकडे यायचे.

१२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल असतात. पाण्याच्या ट्युब्युलर बॅटरीला २५ अंश तापमानात ॲब्सॉर्प्शनच्या टप्प्यात, म्हणजे ठरलेल्या व्होल्टेजवर धरून पूर्ण भरताना, साधारण १४.४ व्होल्ट लागतात आणि ती भरल्यावर फ्लोटला, म्हणजे नुसती भरलेली ठेवायला, १३.५ च्या आसपास. दर अंश तापमानवाढीला दर सेलमागे साधारण ४ मिलिव्होल्ट कमी करायचे असतात, म्हणजे पूर्ण बॅटरीला २४ मिलिव्होल्ट. मे महिन्यात तुमची बॅटरी ४३ अंशांवर असेल तर तिला १४.४ नव्हे, १३.९७ व्होल्ट हवेत. जानेवारीच्या सकाळी ती १० अंशांवर असेल तर १४.७६ हवेत. वर्षभरात पाऊण व्होल्टाहून जास्त फरक पडतो, आणि नागपूरच्या हवेत तो सोसायचा म्हणजे बॅटरीने उन्हाळ्यात पाणी उडवायचे आणि हिवाळ्यात अर्धपोटी राहायचे.

बॅटरी कुठे ठेवली आहे आणि कंट्रोलर कुठे आहे, हे कृपया लिहा.

धुऱ्यावरून · ४ जून, सकाळी ६.५०

ताई, तुमचे म्हणणे मी स्वतःच्या नुकसानातून पटवून घेतले आहे. रानडुकरांसाठी शेताच्या धुऱ्यावर झटका मशीन लावली, तिला २६ अँपिअर-अवरची बॅटरी आणि ४० वॅटचा पॅनल होता. लावून देणाऱ्याने कंट्रोलर न लावता मध्ये फक्त एक डायोड टाकला, म्हणजे रात्री बॅटरीतून पॅनलकडे प्रवाह जाणार नाही एवढीच सोय केली. पहिल्याच उन्हाळ्यात बॅटरीच्या कुशी फुगल्या, आणि नेमकी चना घाटीवर आला असताना मशीन बंद पडली. एका रात्रीत पाऊण एकर चना डुकरांनी लोळवला. पॅनल इतका छोटा असताना कंट्रोलरची गरज खरोखर होती का, हे आजही मला नक्की कळलेले नाही.

ओहमचा नियम · ४ जून, सकाळी ८.१५

होती. पॅनलचा प्रवाह बॅटरीच्या क्षमतेच्या एक-दोन टक्क्यांच्या आत असेल तर कंट्रोलरशिवाय चालून जाते. तुमचा पॅनल सव्वादोन अँपिअर देत होता, म्हणजे आठ टक्क्यांहून अधिक. डायोड रात्रीची गळती थांबवतो, दुपारी बॅटरी भरल्यावर येणारा प्रवाह तो थांबवू शकत नाही.

सिग्नलवाला निवृत्त · ४ जून, दुपारी १२.२०

माझी नोकरी रेल्वेच्या सिग्नल विभागात बॅटरीच्या खोल्यांतच गेली, म्हणून दोन शब्द लिहितो. संत्राबाग, जुनी बॅटरी भंगारात देण्याआधी तिचे सहाही वेंट प्लग काढून प्रत्येक सेलमधल्या आम्लाचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता) हायड्रोमीटरने मोजा. हायड्रोमीटर ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळतो. तुमच्याकडची ट्युब्युलर पूर्ण भरली की २७ अंशांवर साधारण १.२४० दाखवते. आम्ही त्याला बाराशे चाळीस म्हणत असू. तापमान जास्त असेल तर दर अंशाला ०.०००७ मिळवायचे, म्हणजे ४२ अंशांवर १.२३० आले तर ते खरे १.२४० च्या बरोबरीचे असते. ही दुरुस्ती न केल्याने चांगल्या बॅटऱ्या बाद झालेल्या मी पाहिल्या आहेत.

प्लेटा पाण्यात बुडालेल्या आहेत का, तेही टॉर्चने पाहून सांगा. बॅटरी कशाने गेली हे न कळता नवी आणली, तर तीही त्याच वाटेने जाईल.

सोलर फिटर कळमेश्वर · ४ जून, रात्री ८.४०

काकांचे मान्य आहे, पण एमपीपीटीचा मुद्दा एवढ्यावर सोडू नका. पीडब्ल्यूएम पॅनलला सरळ बॅटरीला जोडतो, त्यामुळे पॅनल बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढला जातो. १८ व्होल्टवर चांगला चालणारा पॅनल १३ व्होल्टवर चालवला तर मधले ५ व्होल्ट वाया जातात. एमपीपीटी ते वाचवतो. आता बाजारात ३६ सेलचे पॅनल कमी आणि ५४० वॅटचे मोठे पॅनल जास्त मिळतात. तसला एक पॅनल पीडब्ल्यूएमने १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडला, तर १३ अँपिअर गुणिले १३ व्होल्ट म्हणजे १६९ वॅट हाती येतात आणि ३७० वॅट छतावरच राहतात. असे जोडलेले पॅनल मी बदलून दिले आहेत, म्हणून आग्रहाने सांगतो.

ओहमचा नियम · ४ जून, रात्री ९.३०

५४० वॅटच्या पॅनलबाबत तुमचे शंभर टक्के बरोबर आहे. तिथे पीडब्ल्यूएमचा विचारही करू नये. पण संत्राबाग यांचे पॅनल ३६ सेलचे आहेत, आणि १८ व्होल्ट हा आकडा सेल २५ अंशांवर असतानाचा आहे. नागपूर जिल्ह्यात मे महिन्याच्या दुपारी हवा ४४ अंशांवर असते तेव्हा पॅनलचे सेल ७० च्या घरात जातात. दर अंशाला साधारण ०.४ टक्के व्होल्टेज घटते, म्हणजे १८ चे १४.८ उरतात. बॅटरी १४ वर चार्ज होत असेल तर एमपीपीटीला वाचवायला पुरते एक व्होल्टही शिल्लक नसते, आणि त्याच्या आतल्या रूपांतरातही थोडे जाते. थंडीच्या दुपारी सेल ५० अंशांवर असतील तर १६.२ व्होल्ट मिळतात, आणि तेव्हा मात्र वीस टक्क्यांच्या आसपास फायदा दिसतो. दुकानदाराचे तीस टक्के हे थंड सकाळी रिकाम्या बॅटरीवर दिसतील. पंखा ज्या दिवसांत लागतो, त्या दिवसांत ते दिसणार नाहीत.

पेंचकाठ · ५ जून, सकाळी ७.०५

एमपीपीटी घेणार असाल तर आमच्याकडे काय घडले ते आधी वाचा. पेंचच्या बाजूला आमची पर्यटकांसाठी चार खोल्यांची राहण्याची सोय आहे. तिथे ५४० वॅटचे दोन पॅनल मालिकेत जोडून १०० व्होल्ट मर्यादेच्या एमपीपीटीला दिले होते. एका पॅनलचे ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडलेले असतानाचे) ४९.५, दोन्हीचे मिळून ९९, म्हणजे मर्यादेत बसते असे बसवणाऱ्याने सांगितले आणि आम्हीही बेरीज करून मान डोलावली. ऑक्टोबरपासून सगळे उत्तम चालले. जानेवारीत एका कडाक्याच्या सकाळी सूर्य वर आला आणि कंट्रोलरचा दिवा लागलाच नाही. झाकण उघडले तेव्हा जळक्या वार्निशचा वास आला. आत बोटाच्या पेराएवढा एक भाग काळा होऊन मधोमध फुटला होता.

थंडीत पॅनलचे व्होल्टेज वाढते, हे त्या दिवसापर्यंत आम्हाला कोणी सांगितले नव्हते. दर अंशाला ०.२७ टक्के धरले तर ८ अंशांवर ९९ चे साडेएकशेतीन होतात. वॉरंटी नाकारली गेली, कारण कंट्रोलरच्या आत नोंदलेले कमाल व्होल्टेज मर्यादेच्या वर होते. नागपूरला डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ अंशांपर्यंत पारा उतरला होता. आपल्याकडे फक्त उन्हाळाच कडक असतो असे समजून बेरीज करू नका.

महालकर · ५ जून, सकाळी ९.४०

आमच्या गच्चीवर पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅटचे सोलर बसले आहे आणि त्यात असा कंट्रोलर कुठेच दिसत नाही. बसवायचे राहून गेले असेल का?

सोलर फिटर कळमेश्वर · ५ जून, सकाळी १०.०५

राहिलेले नाही, काळजी करू नका. तुमची यंत्रणा महावितरणच्या लाइनला जोडलेली आहे आणि तिला बॅटरी नाही. उरलेली वीज लाइनमध्ये जाते. चार्ज कंट्रोलर बॅटरी असेल तिथेच लागतो.

संत्राबाग · ८ जून, रात्री ८.००

सर्वांचे मनापासून आभार. काल आणि आज दोन्ही दिवस बागेतच होतो आणि सांगितलेले सगळे मोजले.

आधी जुनी बॅटरी. दिवसभर चार्ज केल्यानंतर पाच सेलमध्ये १.१६० ते १.१७५ आणि सहाव्यात १.१०० आले. सहाव्या सेलमध्ये प्लेटांची वरची कड उघडी होती आणि तिच्यावर पांढुरकी खरपुडी धरली होती. मुक्कामी राहणाऱ्या दादांनी सांगितले की मागच्या वर्षी नवतप्यात पाणी खाली गेलेले त्यांना दिसले होते, पण बॅटरीचे पाणी संपलेले असल्याने ते पुढच्या बाजारापर्यंत थांबले. यात त्यांचा दोष नाही, किती वेळाने पाणी पाहायचे हे मीच कधी सांगितले नव्हते.

बॅटरी मागच्या टिनाच्या शेडमध्ये आहे. दुपारी तीन वाजता तिच्या अंगाला लावलेला तापमापक ४३ अंश दाखवत होता. कंट्रोलर पुढच्या ओसरीच्या भिंतीवर आहे. तिथून बॅटरी सहा मीटरवर आहे आणि मध्ये ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आहे. नवी बॅटरी रात्रभर चालवून सकाळी चार्जिंगला लावली आणि साडेबारा वाजता एकाच वेळी दोन्हीकडे मोजले. कंट्रोलरच्या पडद्यावर १४.१ व्होल्ट आणि १५.८ अँपिअर होते, आणि मल्टिमीटरने बॅटरीच्या टर्मिनलवर १३.३ व्होल्ट. माझा आधी विश्वास बसला नाही, म्हणून दादांना ओसरीवर उभे करून आकडे मोठ्याने वाचायला सांगितले आणि पुन्हा मोजले. फरक तोच आला.

ओहमचा नियम · ८ जून, रात्री ९.१५

तुमचे मोजमाप अगदी बरोबर आहे, आणि फरक वायरचाच आहे. जाऊन-येऊन १२ मीटर वायर झाली. तांब्याचा रोध दर मीटरला, दर चौरस मिलिमीटरला ०.०१७२ ओहम धरला तर या वायरचा ०.०५२ ओहम होतो आणि १५.८ अँपिअरला ०.८२ व्होल्ट मधल्या मध्ये गळतात.

बॅटरी भरत आली की प्रवाह कमी होतो, आणि प्रवाहासोबत हा फरकही कमी होतो. त्यामुळे असा दोष निरुपद्रवी आहे असे बरेच जण समजतात. तो तसा नाही, कारण साध्या कंट्रोलरमध्ये ॲब्सॉर्प्शनचा टप्पा घड्याळावर चालतो, बहुधा दोन तास. कंट्रोलरला आपल्या टोकाला १४.४ दिसले की घड्याळ सुरू होते, आणि त्या क्षणी बॅटरीवर जेमतेम १३.६ असतात. दोन तास संपले की तो फ्लोटवर उतरतो आणि बॅटरी ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवरच राहते. पावसाळ्यात हे रोज घडले की प्लेटांवर सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि ते पुढे विरघळत नाहीत. तुमचे १.१६० तेच सांगत आहेत.

उन्हाळ्यात याच्या उलट झाले. दिवस मोठा असल्याने दुपारी प्रवाह उतरल्यावर बॅटरीला पुरते १४.४ मिळत राहिले, आणि ४३ अंशांवर तिला १४ सुद्धा जड जात होते. म्हणून पाणी उडाले. एकच बॅटरी चार महिने तहानेने आणि चार महिने भुकेने गेली. त्यात बॅटरीचे तापमान दर १० अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, हा हिशेब वेगळाच आहे.

तुमच्या कंट्रोलरमध्ये तापमानाचा सेन्सर असला तरी तो आत बसवलेला असणार, आणि ओसरीच्या तापलेल्या भिंतीचे तापमान तो बॅटरीचे समजून वागणार. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि सेन्सर बिघडल्याचा खुलासा हवामान विभागाला करावा लागला होता, ते सर्वांना आठवत असेल. त्या आकड्यावर माणसांनी शंका घेतली, कंट्रोलर मात्र त्याला मिळालेल्या आकड्यावर शंका घेत नाही. म्हणून वायरने बाहेर काढलेला आणि बॅटरीच्या अंगाला किंवा टर्मिनलला चिकटणारा सेन्सर असेल, असाच कंट्रोलर घ्या. माझ्या मते ही पहिली अट आहे. मनासारखे व्होल्टेज भरता येणे ही दुसरी, आणि पीडब्ल्यूएम की एमपीपीटी हा प्रश्न त्यानंतर येतो.

सिग्नलवाला निवृत्त · ९ जून, सकाळी ६.३०

ताईंनी निदान पूर्ण केले, मी जागेपुरते सांगतो. कंट्रोलर बॅटरीजवळ आणा, पण तिच्या डोक्यावर बसवू नका. चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि तो हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. त्याच्यासोबत येणारे आम्लाचे सूक्ष्म तुषार कंट्रोलरच्या टर्मिनलवर हिरवट बुरशी धरवतात. बाजूच्या भिंतीवर, मीटरभर अंतरावर, वर आणि खाली हवेला वाट ठेवून बसवा. बॅटरी टिनाच्या शेडमधून काढून घराच्या उत्तरेच्या भिंतीच्या आत न्या आणि सिमेंटवर न ठेवता लाकडी पाटावर ठेवा, म्हणजे खालून पुसता येते.

जोडताना आधी बॅटरी जोडायची आणि मग पॅनल. सोडवताना आधी पॅनल सोडवायचा. बॅटरीच्या प्लसजवळ डीसीचा फ्यूज असलाच पाहिजे. घरातल्या एसी विजेसाठीच्या एमसीबीने (आपोआप तुटणाऱ्या स्विचने) काम भागवू नका, डीसीची ठिणगी ती खात्रीने तोडत नाही.

आणि एका सेलला पायलट सेल नेमा. दर पंधरा दिवसांनी त्याच सेलचे गुरुत्व, तापमान आणि पाण्याची पातळी वहीत लिहा. महिन्यातून एकदा सहाही सेल पाहा.

उमरेडकर · ९ जून, दुपारी १.१५

या सगळ्या पाण्याच्या आणि गुरुत्वाच्या कामापेक्षा लिथियम फेरो फॉस्फेट घेतली तर काय बिघडते? माझ्याकडे १०० अँपिअर-अवरची आहे. ॲब्सॉर्प्शन १४.२, फ्लोट १३.५ ठेवले, तापमानाची भरपाई आणि इक्वलायझेशन (सगळे सेल सारखे भरावेत म्हणून मुद्दाम जास्त व्होल्टेज देणे) दोन्ही बंद केले. पाणी घालायचे नाही, आणि रोज पूर्ण भरली नाही तरी तिला सल्फेटचे भय नाही.

ओहमचा नियम · ९ जून, दुपारी २.४०

तुमच्या सेटिंग योग्य आहेत, आणि पावसाळ्यातल्या अर्धवट चार्जिंगला लिथियम निश्चितच जास्त सोशिक आहे. दोन गोष्टी मात्र इथे लिहून ठेवते. बॅटरीतली बीएमएस (सेलना जपणारे आतले सर्किट) ही शेवटची संरक्षक भिंत आहे, रोजचे नियमन कंट्रोलरनेच करायला हवे. कंट्रोलर ट्युब्युलरच्या सेटिंगवर राहिला आणि इक्वलायझेशनचे १५ व्होल्ट देऊ लागला, तर बीएमएस भर उन्हात बॅटरी तोडते. मग पॅनलचे व्होल्टेज झेलायला मागे बॅटरी उरत नाही आणि काही हलके कंट्रोलर त्या झटक्यात स्वतः जातात आणि सोबत दिवे-कॅमेरेही नेतात. दुसरे, अशा अनेक सेलना ४५ अंशांपर्यंतच चार्ज करण्याची मुभा असते. टिनाच्या शेडमध्ये कोणतीच बॅटरी सुखी राहणार नाही.

संत्राबाग · ९ जून, रात्री ८.३०

उमरेडकरभाऊ, नवी ट्युब्युलर आधीच घेतली आहे, म्हणून या खेपेला तिलाच जपतो.

सोलर फिटर कळमेश्वर · १० जून, सकाळी ८.२०

आता लोड (दिवे, पंखा, कॅमेरे) तोडण्याचे व्होल्टेज पाहा, ते कोणीच काढले नाही. साध्या कंट्रोलरवर ते कारखान्यातून ११.१ व्होल्टवर ठेवलेले येते. तुमचा भार सगळा मिळून सहा-सात अँपिअर आहे. एवढ्या हलक्या भाराला ११.१ दिसेपर्यंत १५० ची बॅटरी जवळजवळ कोरडी झालेली असते. ११.८ ठेवा आणि पुन्हा जोडायचे १२.६ ठेवा. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी तो कंट्रोलरच्या लोड टर्मिनलवर जोडू नये, सुरू होतानाच्या झटक्याने कंट्रोलर जातो. तो फ्यूज लावून थेट बॅटरीला जोडावा, पण मग तो स्वतः १०.५ पर्यंत बॅटरी ओढू शकतो, हेही लक्षात ठेवावे.

तुमचा रोजचा खर्च मी काढला. दिवे पाच तास १८०, पंखा आठ तास २२४ आणि कॅमेरे ३६०, मिळून ७६४ वॅट-अवर. त्यातला जवळजवळ निम्मा कॅमेऱ्यांचा आहे. ३०० वॅटच्या पॅनलवर उन्हाळ्यात हे कसेबसे बसते, ढगाळ दिवसांत बसत नाही. कंट्रोलर कितीही चांगला असला तरी नसलेली वीज तो आणू शकत नाही. तिसरा पॅनल घ्या. आणि तीन पॅनल समांतर केले तर २६.४ अधिक पंचवीस टक्के म्हणजे ३३ अँपिअर होतात, ४० चा पीडब्ल्यूएम लागेल आणि कंट्रोलर मागे नेल्यावर पॅनलपासून बोटाएवढी जाड वायर ओढावी लागेल. तेच तीन पॅनल मालिकेत जोडून एमपीपीटीला दिले तर ८.३ अँपिअरच वाहतील आणि तुमची ४ चौरस मिलिमीटरची वायर तशीच चालेल. ताई, हा हिशेब तपासून पाहावा.

ओहमचा नियम · १० जून, सकाळी ९.५०

तपासला, आणि मी माझे मत बदलते. तीन पॅनलचे ओपन सर्किट व्होल्टेज २२ प्रमाणे ६६ होते, ५ अंशांच्या सकाळी फार तर ७० किंवा ७१. १०० व्होल्ट मर्यादेच्या कंट्रोलरला पेंचकाठ यांच्यासारखा धोका नाही. चालताना १८ प्रमाणे ५४ व्होल्ट असतील, वायरमध्ये त्यापैकी ०.४३ व्होल्ट जातील, म्हणजे एक टक्काही नाही. तिसरा पॅनल येणार असेल तर एमपीपीटीच योग्य ठरतो. बाहेरच्या सेन्सरची अट तेवढी सोडू नका, आणि चार्जिंगचा कमाल प्रवाह २० अँपिअरवर बांधा. १५० च्या ट्युब्युलरला दहा टक्के, म्हणजे १५ अँपिअर मानवतात, २० पर्यंत चालतात, ३० रोज दिलेत तर ती तापेल. मालिकेत एका पॅनलवर सावली आली तर तिन्हींवर परिणाम होतो, तेवढी झाडे पाहून घ्या.

पेंचकाठ · १० जून, सकाळी १०.३०

एक खबरदारी आणखी घ्या. एमपीपीटी असे छापलेले पुष्कळ स्वस्त डबे आतून पीडब्ल्यूएमच असतात. नवा कंट्रोलर घेण्याआधी आम्ही दुकानातच एक प्रयोग करायला लावला. अर्धी रिकामी बॅटरी आणि उन्हात ठेवलेला पॅनल जोडला, आणि कंट्रोलरच्या पॅनलकडच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजले. बॅटरी १२.८ वर असताना तिथेही १३ च दिसले तर तो पीडब्ल्यूएम. खरा एमपीपीटी पॅनलला त्याच्या स्वतःच्या, बऱ्याच वरच्या व्होल्टेजवर धरून ठेवतो. पहिला डबा या परीक्षेत नापास झाला.

संत्राबाग · १५ जून, रात्री ९.२०

ठरवले आणि बसवलेही. १०० व्होल्ट, ३० अँपिअरचा एमपीपीटी घेतला, बॅटरीवर चिकटणाऱ्या सेन्सरसह. दुकानात पेंचकाठ यांची परीक्षा घेतली, पॅनलवर १६ व्होल्टच्या वर दिसले तेव्हाच पैसे दिले. बॅटरी उत्तरेच्या खोलीत आली, कंट्रोलर तिच्या बाजूला मीटरभर अंतरावर आहे आणि मधली वायर १० चौरस मिलिमीटरची आहे. तीन पॅनल मालिकेत आहेत. दुपारी चारनंतर तिसऱ्यावर कडुनिंबाची सावली येत होती, म्हणून झाड न तोडता सांगाडाच दोन मीटर पूर्वेला सरकवला. सेटिंग अशा केल्या आहेत: ॲब्सॉर्प्शन १४.४, फ्लोट १३.५, भरपाई दर अंशाला २४ मिलिव्होल्ट, कमाल प्रवाह २०, लोड ११.८ वर तुटेल आणि १२.६ वर जुळेल. आज दुपारी पडद्यावर आणि बॅटरीवर एकाच वेळी मोजले, फरक सहा शतांश व्होल्ट आला.

धुऱ्यावरून · १५ जून, रात्री १०.००

मीही झटका मशीनला ५ अँपिअरचा छोटा कंट्रोलर लावला आणि बॅटरीची पेटी गोणपाटाने झाकून बाभळीच्या सावलीत नेली.

संत्राबाग · १९ ऑक्टोबर, सायंकाळी ७.४५

पावसाळा गेला, म्हणून वहीतल्या नोंदी कळवतो. ऑगस्टमध्ये सलग तीन दिवस सूर्य दिसला नाही. दुसऱ्या रात्री लोड ११.८ वर तुटला, कॅमेरे आणि पंखा बंद पडले, आणि दादांचा फोन आला की पुन्हा बॅटरी गेली. मी त्यांना सांगितले की ती गेलेली नाही, तिने स्वतःला वाचवले आहे. ऊन पडल्यावर दुसऱ्या दिवशी ती पूर्ण भरली. जूनपासून आजपर्यंत सहा सेल मिळून पाऊण लिटरच पाणी लागले.

आज सायंकाळी पायलट सेल ३४ अंशांवर १.२३५ दाखवतो, काकांच्या दुरुस्तीने १.२४०. चार सेल त्याच्या आसपासच आहेत. तिसरा मात्र १.२२५ वर आहे आणि गेल्या दोन्ही महिन्यांत तोच मागे राहिला आहे. काका, याचे काय करावे?

सिग्नलवाला निवृत्त · २० ऑक्टोबर, सकाळी ६.१५

घाबरू नका. पाणी पातळीवर आणा, बॅटरी पूर्ण भरू द्या आणि सकाळी थंड असताना, खिडक्या उघड्या ठेवून, १५ व्होल्टवर दोन तास इक्वलायझेशन द्या. त्या वेळी दिवे आणि कॅमेरे सोडवून ठेवा. त्यानंतर तासाभराने तिसरा सेल मोजा. महिन्याच्या अंतराने तीन वेळा करूनही तो दहा अंकांपेक्षा (०.०१०) जास्त मागे राहिला तर वही घेऊन विक्रेत्याकडे जा, कारण वॉरंटी अजून शिल्लक आहे आणि तुमच्या हातात जूनपासूनचे आकडे आहेत.

संत्राबाग · २० ऑक्टोबर, सकाळी ७.००

रविवारी बागेत जात आहे, तेव्हा पहिले इक्वलायझेशन देतो. तिसऱ्या सेलचा आकडा त्याच रात्री इथे लिहीन.